पीसीओडी, एक कापडी पिशवी आणि १६२ चं बीपी

फोंड्यात माझी छोटीशी फार्मसी आहे. गोव्यात मेडिकल स्टोअर फारसं कोणी म्हणत नाही, फार्मसीच म्हणतात, आणि इतकी वर्षं काउंटरमागे उभं राहून एक कळलंय की लोक डॉक्टरला जे सांगत नाहीत ते आम्हाला सांगतात, कारण इथे नंबर लावावा लागत नाही आणि फी पण नाही. ही केस तशीच काउंटरवर आली. मुलीला विचारून लिहितेय, नाव बदललंय, शर्वरी म्हणू तिला. वय २७, घर मार्दोळच्या बाजूला, नोकरी वेर्ण्याला एका कंपनीत, शिफ्ट ड्युटी, डिसेंबरात लग्न ठरलेलं.

ऑक्टोबरचा मधला आठवडा असेल, परतीचा पाऊस आणि मधेच तो घाम काढणारा उकाडा. संध्याकाळी आली आणि म्हणाली, "ताई, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, कॅल्शियमची एखादी चांगली गोळी द्या." मी गोळी काढायला वळले पण चेहरा बघून थांबले, डोळ्यांखाली सूज, आणि पायातल्या चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटलेला. विचारलं तर म्हणाली वजन वाढलंय, पीसीओडी आहे ना, डोकं पण दुखतं, जिना चढला की पाय भरून येतात, शिफ्टमुळे असेल. काउंटरवर बीपीचं मशीन असतं माझ्याकडे, लावलं. १६२/१०४. मला वाटलं पट्टा नीट बसला नाही. तिला स्टुलावर बसवलं, दहा मिनिटं बोलू दिलं नाही, परत घेतलं, १५८/१००. सत्तावीस वर्षांच्या मुलीला हा आकडा म्हणजे कॅल्शियमच्या गोळीचा विषय नव्हे. त्याच संध्याकाळी फिजिशियनकडे पाठवलं, तिच्या भावाला फोन करून बोलावून घेतलं कारण ती एकटी स्कूटरने जायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी कळलं की ॲडमिट केलंय. पोटॅशियम २.८. नॉर्मल साडेतीन ते पाच धरतात, म्हणजे हे बरंच खाली, ईसीजीमध्येही थोडा फरक दिसत होता. पोटऱ्यांतले गोळे आणि पाय भरून येणं याचं कारण तिथे होतं.

आता मागचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं जुळणार नाही.

शर्वरीला पीसीओडी, म्हणजे ओव्हरी आणि हार्मोनच्या गडबडीचा त्रास, असल्याचं कळलं ती २३ ची असताना. पाळी ४५ दिवसांनी, कधी ७० दिवसांनी, हनुवटीवर जाड केस, मानेवर काळा पट्टा जो आईला वाटायचा नीट घासत नाही म्हणून. सोनोग्राफीत ओव्हरीज मोठ्या आणि कडेकडेने बारीक फॉलिकल्स. आपण सगळे पीसीओडी म्हणतो, डॉक्टर लोक पीसीओएस लिहितात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात बायकांच्या केसेस मांडल्या तिथपासून हे पुस्तकात आलं, आणि निदानाचे आजचे निकष २००३ च्या रॉटरडॅमच्या बैठकीतले: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि ओव्हरीचं ते चित्र, या तिनातली दोन असली आणि दुसरं काही कारण नसलं तर पीसीओएस. ते "दुसरं काही कारण नसलं तर" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आत काय होतं ते मी काउंटरवर असं सांगते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला जाऊन टेस्टोस्टेरॉन वाढवायला लावतं, आणि लिव्हरमध्ये एसएचबीजी नावाचं जे प्रोटीन तयार होतं, जे मोकळ्या टेस्टोस्टेरॉनला पकडून ठेवतं, ते कमी करतं. म्हणजे हार्मोन वाढलं ते वाढलं, वर त्याला बांधून ठेवणारी दोरी पण तुटली. सगळ्यांमध्ये सगळं सारखं नसतं, बारीक मुलींनाही होतं, पण शर्वरीचं हे असंच होतं, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.८, म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर.

तिला तेव्हा हार्मोनची गोळी आणि मेटफॉर्मिन, म्हणजे डायबिटीसवालं साखरेचं औषध, दिलं होतं. तीन वर्षं घेतलं, कधी नियमित कधी नाही. मग जुलैत दोन्ही बंद केलं. का? लग्न ठरलं, कोणीतरी म्हणालं की इतकी वर्षं केमिकल घेतलंस तर पुढे मूल होताना त्रास होईल, आणि मोबाईलवर एकामागून एक रील यायला लागल्या. मेटफॉर्मिनने तिचं पोटही बिघडायचं, तेही खरं, रिकाम्या पोटी घेत होती आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं की जेवणाबरोबर घे. ही चूक आम्हा औषधवाल्यांचीच म्हणायची, स्ट्रिप तिने माझ्याकडूनच नेली असणार.

पिशवी

वॉर्डात डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "काही औषधं चालू आहेत?" ती म्हणाली नाही. खोटं बोलली नाही, तिच्या लेखी ती औषधं नव्हतीच! फिजिशियन विचारात पडले, कारण तरुण मुलगी, बीपी जास्त, पोटॅशियम कमी, रक्तात बायकार्बोनेट जास्त, चेहरा सुजलेला, वजन वाढलेलं, हनुवटीवर केस, पाळी अनियमित. हे सगळं एकत्र वाचलं की डॉक्टरच्या डोक्यात पहिलं नाव येतं कुशिंगचं, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार, आणि दुसरं ॲड्रिनलमधल्या (किडनीच्या वरच्या छोट्या ग्रंथीतल्या) गाठीमुळे अल्डोस्टेरॉन, म्हणजे मीठ-पाणी सांभाळणारं हार्मोन, वाढण्याचं. कुशिंग हा पीसीओएसची हुबेहूब नक्कल करू शकतो, वरचं ते "दुसरं काही कारण" याच्यासाठीच लिहिलेलं असतं. हार्मोनच्या गोळीनेही बीपी चढतं काहींचं, पण ती जुलैत बंद झालेली. तर मग रात्री डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळी कॉर्टिसॉल बघितलं, ते नीट दबलेलं, म्हणजे कुशिंग नाही. रेनिन (बीपी सांभाळायला किडनी सोडते ते) आणि अल्डोस्टेरॉनचं सॅम्पल बाहेर पाठवलं, रिपोर्टला आठवडा. सीटी स्कॅनची भाषा सुरू झाली. घरच्यांचे चेहरे बघवत नव्हते, लग्न दीड महिन्यावर.

मी भेटायला गेले आणि सहज विचारलं, "औषधं सोड, दिवसभरात तोंडात काय काय जातं ते सांग. सकाळपासून." आणि मग यादी निघाली. मी तिच्या आईला म्हटलं घरातलं हे सगळं एका पिशवीत भरून आणा, डबे पाकिटं काहीही टाकू नका, काढा करता तो कच्चा माल पण आणा. संध्याकाळी मामी कापडी पिशवी घेऊन आली, कारण त्यातला अर्धा माल मामीच्या घरचा होता.

पिशवीतून निघालं ते असं. ऑनलाइन मागवलेली "फीमेल हार्मोन बॅलन्स" पावडर, जुलैपासून, सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा. पुदिन्याच्या चहाच्या बॅगा, ऑगस्टपासून, रोज तीन. दारुहळदीच्या अर्काच्या म्हणजे बर्बेरिनच्या कॅप्सूल, ५०० च्या, दोन वेळा. दालचिनीची पूड, कोमट पाण्यात. भिजवलेली मेथी. आणि मामीचा काढा, चवथ झाल्यावर सुरू केलेला, कारण चवथीत नेवऱ्या आणि मोदक खाऊन हिला अपराधी वाटायला लागलं आणि मामी म्हणाली, "अगो बाय, माझ्या आवयचा काढा घे, शरीर साफ होतं." म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या मुळ्या, त्यात एक बोटभर लांबीची पिवळट काडी, ठेचून, उकळून अर्धा करून.

मी आधी बर्बेरिनकडेच संशयाने बघत होते. मग पावडरीचं लेबल वाचायला घेतलं, अगदी बारीक अक्षर, फोटो काढून मोठा करावा लागला. शतावरी, अशोक, अश्वगंधा, लोध्र, यष्टिमधु. चहाच्या पाकिटावर: पुदिना, मुलेठी, दालचिनी. आणि मामीची ती काडी मी दाताखाली धरली, गोड. "मामी, ही कसली काडी?" "ज्येष्ठमध गो, घशाला घेतो ना आम्ही."

यष्टिमधु. मुलेठी. ज्येष्ठमध. तीन पाकिटं, तीन नावं, मूळ एकच. ग्लायसिरायझा ग्लाब्रा. कोणी बेरीज केलीच नव्हती, कारण बेरीज करायची आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

बेरीज

मी वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर बसून हिशोब केला. पावडरीत दिवसाला साधारण दीड ग्रॅम, ते लेबलावर होतं. चहात किती ते लिहिलेलंच नाही, तीन बॅगांचे दोन ग्रॅम धरले. मामीची काडी आमच्या फार्मसीच्या काट्यावर टाकली, ६ ग्रॅम. म्हणजे रोज साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, काढा सहा आठवडे, बाकीचं त्याआधीपासून. ज्येष्ठमधात गोडवा ज्याचा असतो ते ग्लायसिरायझिन, चांगल्या मुळात ते निदान ४ टक्के असावं असा युरोपच्या फार्माकोपियाचा निकष आहे, त्या हिशोबाने ३८० मिलिग्रॅम. काढ्यात सगळं उतरत नाही म्हणून थोडं कमी धरा. तरी युरोपात दिवसाला जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितलीय, आणि २०२४ मध्ये स्वीडनच्या एका अभ्यासात धडधाकट तरुण २८ जणांना रोज बरोब्बर तेवढंच, १०० मिलिग्रॅम, दोन आठवडे दिलं तर वरचं बीपी सरासरी ३ ने वाढलं. म्हणजे ती मर्यादाही फार सुरक्षित नाही. हिच्या पोटात तिप्पट जात होतं.

हे होतं कसं ते फार सुंदर आहे, म्हणजे वाचायला सुंदर, भोगायला नाही. आपल्या किडनीत अल्डोस्टेरॉनसाठी एक कुलूप असतं, ते उघडलं की शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून सोडतं. गंमत म्हणजे कॉर्टिसॉलची किल्लीही त्या कुलपाला लागते, आणि रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. म्हणून किडनीच्या दारात एक राखणदार एन्झाइम बसवलेलं असतं, ते आत येणाऱ्या कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं, कॉर्टिसोनची किल्ली लागत नाही. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन आतड्यातल्या जंतूंनी मोडलं की जे बनतं ते या राखणदारालाच झोपवतं. मग कॉर्टिसॉल सरळ कुलपात. मीठ अडकतं, पाणी अडकतं, चेहरा सुजतो, बीपी चढतं, पोटॅशियम वाहून जातं, आणि शरीराला वाटतं मीठ भरपूर आहे म्हणून रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही खाली येतात. आठवड्याने रिपोर्ट आला, दोन्ही खाली. गाठ असती तर अल्डोस्टेरॉन वर असतं. सीटी स्कॅन रद्द.

फिजिशियनना मी पिशवीचा फोटो आणि हिशोबाचा कागद रिपोर्ट यायच्या आधीच दिला होता. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि पेशंटला विचारायचा प्रश्न बदलला पाहिजे म्हणाले. सगळं बंद केलं, पोटॅशियमचं सिरप दिलं (जगातली सगळ्यात वाईट चव, पाण्यात घालून घ्या म्हणून सांगावं लागतं नाहीतर उलटी), बीपीची गोळी थोडे दिवस. चौथ्या दिवशी घरी. तीन आठवड्यांनी पोटॅशियम ४.१ आणि बीपी गोळीशिवाय १२४/८०. वजन साडेतीन किलोने उतरलं, जे पीसीओडीचं वजन समजून ती रडत होती ते निम्मं पाणीच होतं.

आता गैरसोयीचा भाग. ज्येष्ठमध तिच्या पीसीओडीवर काम करत होतं का? मला वाटतं, थोडंफार हो. सप्टेंबरात तिची पाळी ३४ दिवसांनी आली होती, म्हणून तर तिने सगळं जोमाने चालू ठेवलं. २००४ मध्ये इटलीत ९ निरोगी बायकांना रोज साडेतीन ग्रॅम ज्येष्ठमध दोन महिने दिलं तर टेस्टोस्टेरॉन २७.८ वरून पहिल्या महिन्यात १९ आणि दुसऱ्यात १७.५ वर आलं होतं. हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमांना ते आडवं येतं. म्हणजे मूळ पोकळ नाही. ज्या ताकदीने ते ओव्हरीत काहीतरी करतं त्याच ताकदीने किडनीत करतं, एकच रेणू आहे, त्याला कुठे जायचं ते आपण सांगू शकत नाही. आणि नऊ बायका म्हणजे नऊ बायका, तीही पीसीओएस नसलेल्या.

मामीला फार वाईट वाटलं. ती दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला सांगितलं की तुझ्या आईचा काढा चुकीचा नव्हता, घसा बसला की चार दिवस, वैद्यही ज्येष्ठमधाची पूड दोन ते चार ग्रॅमच सांगतात. सहा ग्रॅम सहा आठवडे, वर दोन पाकिटं, हे तुझ्या आईने कधी केलं नसतं. त्यावर मामी म्हणाली, "आवयच्या वेळी पाकिटं कुठे होती?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाकीच्या पाकिटांचं काय

शर्वरी घरी आल्यावर एका रविवारी काउंटरमागे स्टूल टाकून बसली आणि म्हणाली एकेक सांग, कुठलं ठेवू कुठलं टाकू. दोन तास गेले.

बर्बेरिन. रीलवाल्यांनी याला २०२३ पासून नैसर्गिक ओझेम्पिक (वजन उतरवणारं म्हणून गाजलेलं इंजेक्शन) म्हणायला सुरुवात केली, जे दोन्हींवर अन्याय आहे. दारुहळदीतला पिवळा अल्कलॉइड, पेशीतल्या एएमपीके नावाच्या बटणावर दाबतो, मेटफॉर्मिनही फिरून तिथेच दाबतं, त्यामुळे साखर-इन्सुलिनवर परिणाम पटण्यासारखा आहे. पण तोंडाने घेतलेल्यातलं एक टक्काही रक्तात पोचत नाही. आणि मूल होण्याबाबत चीनमध्ये ६४४ बायकांवर मोठा अभ्यास झाला, २०१६ ला छापून आला: लेट्रोझोल (ओव्हरीतून बीज बाहेर पडायला मदत करणारी गोळी) घेणाऱ्यांत ३६ टक्क्यांना मूल झालं, लेट्रोझोल अधिक बर्बेरिनवाल्यांत ३४, आणि नुसत्या बर्बेरिनवाल्यांत २२. म्हणजे वर टाकून काही भर पडली नाही. शिवाय लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइमं ते अडवतं, आणि गरोदरपणात तर घ्यायचंच नाही, बाळाच्या रक्तातल्या बिलिरुबिनशी खेळतं. डिसेंबरात लग्न आणि नंतर लगेच बघू म्हणणाऱ्या मुलीच्या पर्समध्ये ही कॅप्सूल नको. टाकलं.

पुदिना ठेवला. याची गोष्ट मला आवडते. तुर्कीत इस्पार्ता भागात पुदिन्याचा चहा पिणाऱ्या पुरुषांनी लैंगिक इच्छा कमी झाल्याची तक्रार केली, तिथून तिथल्या डॉक्टरांना सुचलं की जे पुरुषांना नकोय ते अंगावर जास्त केस येणाऱ्या बायकांना हवं असेल. २००७ ला २१ बायकांना पाच दिवस रोज दोन कप दिला, मोकळं टेस्टोस्टेरॉन उतरलं. २०१० ला ४२ बायकांवर महिनाभर, दुसऱ्या गटाला दुसरा साधा हर्बल चहा, पुन्हा टेस्टोस्टेरॉन उतरलं, बायकांना स्वतःला केस कमी वाटले, पण डॉक्टरांनी मोजलेल्या स्कोअरमध्ये फरक नाही. केसाचं चक्र महिन्यांचं असतं, एका महिन्यात काय दिसणार, आणि सहा महिन्यांचा अभ्यास कोणी करून दाखवलेला माझ्या वाचनात नाही. तरी बाजारातल्या ताज्या पुदिन्याचे दोन कप, दुधा-साखरेच्या चहाच्या जागी, याला मी नाही म्हणणार नाही. फक्त बॅगवाला नको, ज्यात पुदिन्याच्या नावाखाली मुलेठी गोडीला घालतात.

दालचिनीचा प्रश्न आमच्या फोंडा तालुक्यात वेगळाच. सावईवेऱ्याकडच्या कुळागरांत (बागायतींत) मिळते ती पातळ, कागदासारखी गुंडाळलेली, पण दुकानात किलोने मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅशिया, तिच्यात कुमरिन बरंच जास्त, लिव्हरला बरं नव्हे. अमेरिकेत ४५ बायकांना रोज दीड ग्रॅम दालचिनी किंवा डमी कॅप्सूल असा अभ्यास झाला, पाळी थोडी नियमित झाली, इन्सुलिन आणि पुरुषी हार्मोनमध्ये फरक नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत टिकल्या फक्त १७ जणी. आमटीत घाल म्हटलं, पाण्यात ढवळून पिऊ नको.

मेथीचं काय सांगू, मेथी खा. अर्काच्या कॅप्सूलवर भारतात ५० बायकांचा ९० दिवसांचा अभ्यास आहे, निकाल एकदम झकास, पण तुलनेला दुसरा गटच नाही, ज्या आजारात पाळी आपली आपणही कधी लवकर येते त्यात तुलनेशिवाय निकाल म्हणजे एकट्याने धावून पहिला नंबर. अश्वगंधेच्या अर्काने काही लोकांचं लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडही हलतं, आणि पुरुषांवरच्या अभ्यासात टेस्टोस्टेरॉन वाढलंय, मग पुरुषी हार्मोन कमी करायच्या पावडरीत ती काय करते हे पावडरवाल्यालाच विचारा. पावडर गेली.

मध्येच तिचे बाबा आले, म्हणाले मग भिरंडं पण बंद का, कारण कुठेतरी वाचलेलं की गार्सिनियाच्या गोळ्यांनी लिव्हर जातं. भिरंड म्हणजे आमसूल, गार्सिनिया इंडिका, आणि वजन उतरवायच्या त्या गोळ्या त्याच घराण्यातल्या कॅम्बोजियाच्या, हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड दोन्हींत असतं. त्या गोळ्यांनी लिव्हरच्या केसेस झाल्यात हे खरं. पण सोलकढीची वाटी आणि अर्काची मूठभर कॅप्सूल यात अंतर आहे, सोलकढी बंद केली तर आमच्याकडे मोर्चा निघेल.

इनोसिटॉल तिने विचारलं, ते पिशवीत नव्हतं पण ऑनलाइन कार्टमध्ये होतं. हे धान्या-कडधान्यांतही असतं, साखरेसारखा छोटा रेणू. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनने म्हटलंय की नुकसान फारसं नाही, घ्यायचं तर घ्या, पण ओव्हुलेशन, केस, वजन यात फायदा मर्यादित. महिन्याला जे पैसे जातात त्यात आठवडाभराचं चांगलं नुस्तं, म्हणजे मासे, येतात, हे माझं मत, गाइडलाइनचं नाही.

केमिकल

मग ती मुद्द्यावर आली. "म्हणजे शेवटी केमिकलच घ्यायचं."

मी मेटफॉर्मिनची स्ट्रिप काउंटरवर ठेवली. युरोपात गॅलेगा नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप आहे, जुन्या काळी जास्त लघवी होणाऱ्यांना, म्हणजे बहुधा डायबिटीसवाल्यांना, द्यायचे. त्यात गॅलेजिन सापडलं, साखर उतरवायचं पण विषारी, मेंढ्या खाऊन मरायच्या. त्या रेणूच्या चुलतभावांवर काम होता होता १९२२ मध्ये मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत बनलं, पडून राहिलं, आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी माणसांवर वापरून निकाल छापले. म्हणजे ही गोळी झाडाचीच नात आहे, फक्त विष काढून टाकलेली आणि ग्रॅम मोजलेली.

आणि ती हार्मोनची गोळी जी तिने केमिकल म्हणून सोडली, तिची कुळकथा मेक्सिकोतल्या जंगली कंदाची. रसेल मार्कर नावाच्या केमिस्टने १९४० च्या दशकात त्या कंदातल्या डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवलं, आणि १९५१ ला, त्याने मेक्सिकोत सुरू करायला मदत केलेल्या सिंटेक्स कंपनीत, नॉरएथिस्टेरॉन, सुरुवातीच्या गर्भनिरोधक गोळ्यांतलं एक. आपले कारांदे आणि कणगां त्याच डायोस्कोरिया वंशातली. आता कोणी म्हणेल मग कारांदे उकडून खाऊ, तर नाही, डायोस्जेनिनचं हार्मोन प्रयोगशाळेत होतं, पोटात होत नाही. कारांदे चवीसाठी खावेत, मिठाबरोबर.

ती हसली, पण पटलं असं नाही म्हणणार. म्हणाली, "मग झाडातून आलेलं चांगलं की वाईट?" मी म्हटलं हा प्रश्नच मला कळत नाही, मला विचार कुठला रेणू, किती, किती दिवस, आणि बरोबर दुसरं काय चालू आहे.

पुढे काय ठरलं ते फार नाट्यमय नाही. गायनॅकॉलॉजिस्टने नुकतंच बीपी चढून गेलंय म्हणून इस्ट्रोजेनवाली गोळी सध्या नको म्हटलं. मेटफॉर्मिन परत, ५०० रात्रीच्या जेवणाबरोबर, दोन आठवड्यांनी वाढवत, यावेळी पोट टिकलं. पाळी तीन महिने आलीच नाही तर प्रोजेस्टेरॉनची गोळी देऊन आणायची, कारण आतलं अस्तर साचत राहणं चांगलं नाही, हे अनेक मुलींना कोणी सांगतच नाही, त्यांना वाटतं पाळी न येणं म्हणजे नुसती गैरसोय. वर्षातून एकदा बी१२ तपासायचं. मूल हवं झालं की आधी सांग, लेट्रोझोल आहे, पिशवी नको. सकाळच्या पेजेबरोबर आता अंडं किंवा उसळ असते, आणि दुपारचं शीत (भात) निम्मं झालंय, हे मात्र तिने स्वतः ठरवलं, रात्रपाळीनंतर झोप पुरी करायचं ठरवलंय ते जमत नाहीये.

डिसेंबरात लग्न झालं. हनुवटीचे केस आहेत तसेच आहेत, लेझर करून घेतेय. पाळी ३८-४० दिवसांवर आलीय.

मी माझ्या काउंटरवर बदल केला एक. कोणी बीपीचं, पोटॅशियम कमी-जास्त करणारं किंवा पीसीओडीचं काही न्यायला आलं की "दुसरी औषधं चालू आहेत का" असं विचारत नाही, "काढा, पावडर, चहा काय घेता" असं विचारते. पहिल्या आठवड्यात सात जणांनी हो म्हटलं. त्यातल्या दोघांनी बीपीची गोळी घेताना.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला शर्वरीचा मेसेज, सोबत फोटो, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्यांचं पाकीट, मागच्या बाजूच्या बारीक अक्षरावर तिने लाल गोल केलेला. मुलेठी. "ताई, घसा बसलाय, दोन चघळल्या तर चालतील?"

मी लिहिलं, दोन चालतील, पाकीट नको.

तिने विचारलं, "आणि मामीला सांगू का? तिने तीन खाल्ल्या, तिला बीपी आहे."

मी उठून फोन लावला.